वायफायचं कुलूप आणि आमच्या सिस्टर

"कारण नको. जोडून द्या."

असं काही सुनावायच्या आधी सिस्टर चष्मा काढायच्या. त्याच्या काड्या मिटून तो एप्रनच्या खिशात ठेवायच्या आणि मग समोरच्याकडं बघायच्या. चष्म्याशिवाय त्यांना माणूस धुरकट दिसत असणार, पण समोरच्याला मात्र आपण उघडे पडलो असं वाटायचं. सरपंच असो, डॉक्टर असो, नाहीतर लस द्यायला पोराला न आणणारा बाप असो, सिस्टरांनी चष्मा काढला की बाकीचे हळूच खुर्च्या मागं सरकवायचे.

तुमच्याही ऑफिसात अशी एक बाई असेल. तिच्याबद्दल सगळे म्हणत असतील, "कामाला वाघ आहे, पण तोंड फार." आम्हीही म्हणायचो. तोंड फार म्हणजे काय, तर ती खरं बोलायची आणि ते आम्हाला ऐकावं लागायचं.

दौंड तालुक्यात, राहूच्या पुढं, नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात एक आरोग्य उपकेंद्र होतं. दोन खोल्या, एक व्हरांडा, पुढं कडुनिंब. तिथं त्या नर्स होत्या. मी तिथून पाच-सहा किलोमीटरवरच्या मोठ्या केंद्रात औषधं देणारा, फार्मासिस्ट. गावांची नावं लिहीत नाही. तिथं आता नवी माणसं आहेत, त्यांना जुन्याचा बोल नको. आम्ही दोघंही मूळचे शिरूरचे. सिस्टर आठवडाभर उपकेंद्रातच राहायच्या आणि शनिवारी स्कूटीवरून न्हावऱ्यामार्गे घरी जायच्या. मला त्या 'दादा' म्हणायच्या, मी वयानं वीस वर्षांनी लहान असून.

एक दिवस सगळ्या नर्सना लॅपटॉप मिळाले. आजवर वहीत लिहायचं ते आता पोर्टलवर भरायचं. गरोदर बाई, तिचं वजन, रक्त, बीपी, बाळंतपण, लस, सगळं. उपकेंद्रावर उसात रेंज येत नसे, म्हणून आठवड्यातून दोनदा मोठ्या केंद्रात यायचं आणि तिथल्या वायफायला लॅपटॉप जोडून नोंदी करायच्या, असं ठरलं.

सिस्टरांनी पहिल्या दिवशी लॅपटॉप आणला तो तान्ह्या बाळाच्या दुपट्यात गुंडाळून. टेबलावर ठेवून दुपटं हलक्या हातानं सोडवलं आणि मला म्हणाल्या, "दादा, पायाळू हाय का सरळ, बघा."

मी त्यांना शिकवलं. त्यांनी औषधाचं रिकामं खोकं फाडलं आणि आतल्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं. ते खोकं पुढं कितीतरी दिवस त्यांच्या पिशवीत असायचं, म्हणून मला पाठ आहे. उजव्या कोपऱ्यात सुपासारखं चिन्ह, ते दाबणे. नावांची यादी येते, आपलं निवडणे, शेजाऱ्याचं निवडू नये. कुलूप दिसेल, घाबरू नये. पासवर्ड लिहिणे, मोठं अक्षर मोठं, बारीक ते बारीक, शून्य वेगळं आणि ओ वेगळा. 'जोडले' असं येईपर्यंत खुर्चीवरून उठू नये.

लिहिता लिहिता त्या थांबल्या. "हे कुलूप कुणापासून?"

"सुरक्षेसाठी असतं सिस्टर. कुणीही येऊन आपल्या नेटवर बसू नये, आतली माहिती चोरीला जाऊ नये."

त्यांनी मान हलवली. "मग पायजेच. बायांची नावं असत्यात आत. कुणाची पाळी चुकली, कुणाला काय आजार हाय, गावाला कशाला कळाय पायजे?"

हे मी मुद्दाम सांगतोय. पुढं लोक म्हणाले, त्या जुन्या वळणाच्या, त्यांना कम्प्युटरची सुरक्षा वगैरे कळत नव्हती. आमच्या सगळ्या केंद्रात ते कुलूप कशासाठी आहे हे त्या एकट्या बाईला कळलं होतं.

एका बोटानं एकेक अक्षर शोधत त्यांनी पासवर्ड लिहिला. सुपातल्या रेघा एकामागून एक भरल्या. "लागली!" असं म्हणून त्यांनी टाळी वाजवली आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून एकतीस बायांच्या नोंदी केल्या.

आता क्लार्कबद्दल सांगायला हवं. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. आवाज कधी चढला नाही, चहा पाजल्याशिवाय कुणाला सोडलं नाही. मऊ माणूस. मऊ माणसांचा मला तेव्हापासून राग येतो. पेशंटचे नातेवाईक वायफायवर व्हिडिओ बघत बसतात म्हणून डॉक्टरसाहेबांनी पासवर्डचा कारभार भाऊसाहेबांकडं दिला होता. डॉक्टरसाहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त कुठल्याच गोष्टीचा त्रास नको होता.

एकदा भाऊसाहेबांनी सिस्टरांपुढं एक कागद ठेवला. सिस्टरांच्या उपकेंद्रावर तपासणी शिबिर झालं, इतक्या बाया आल्या, खाली सही. सोबत एक फोटो होता, तो दुसऱ्याच गावातला. सिस्टरांनी चष्मा काढला.

"हे शिबिर कवा झालं?"

"कागदावर तारीख आहे ना सिस्टर."

"तारीख दिसती. शिबिर दिसत न्हाई. माझ्या अंगणात बाया येऊन गेल्या आन् मला कळलं न्हाई, असं व्हय?"

"सगळ्यांनीच सही केलीय हो."

"मग माझी कशाला पायजे?" असं म्हणून त्यांनी कागद तसाच परत सरकवला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी लॅपटॉप उघडला तर 'पासवर्ड चुकीचा आहे' असं आलं. त्यांनी खोक्यावर बघून तीनदा लिहिला. मोठं अक्षर मोठं, बारीक ते बारीक. तीनदा तेच.

"बदललाय हो सिस्टर," भाऊसाहेब म्हणाले. "मधूनमधून बदलायचा असतो. सुरक्षा."

"नवा सांगा."

"डॉक्टरसाहेबांची परवानगी लागेल."

त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टर म्हणाले, "ते सगळं भाऊसाहेब बघतात." त्या परत भाऊसाहेबांकडं आल्या. भाऊसाहेब म्हणाले, "लेखी द्या, साहेबांपुढं पुटअप करतो." त्यांनी लेखी दिलं. पुढच्या वेळी अर्ज सापडत नव्हता. त्याच्या पुढच्या वेळी सापडला, तर त्यावर डॉक्टरांची सही नव्हती. बाकी तिन्ही नर्सना नवा पासवर्ड मिळाला होता आणि त्यांना हळूच सांगितलंही होतं, की इकडंतिकडं देऊ नका.

मलाही मिळाला होता. माझ्या औषधसाठ्याच्या कम्प्युटरला भाऊसाहेबांनीच जोडून दिलं आणि माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या सुवाच्य अक्षरात पासवर्ड लिहिला. "तुमच्यापुरता ठेवा," म्हणाले. आणि उठता उठता, "तुमचा शिरूरकडच्या बदलीचा अर्ज आहे ना आमच्याकडं? बघू, पाठवू पुढं."

इतकंच. धमकी नाही, काही नाही. मी त्यांना "थँक्यू भाऊसाहेब" म्हणालो.

सिस्टर रडत बसणाऱ्यांपैकी नव्हत्या. महिनाभर आमच्या केंद्राच्या पायऱ्या झिजवल्यावर त्यांनी लॅपटॉप पुन्हा दुपट्यात गुंडाळला आणि गावात निघाल्या. गावात कुणाकुणाच्या घरात वायफाय आलं होतं. त्या घरात जाऊन ओसरीवर बसायच्या आणि म्हणायच्या, "चहा नको. जोडून द्या."

पहिल्यांदा एका धनगर आबांच्या घरी गेल्या तेव्हा लशीचं सामान घेऊन मी सोबत होतो. एकेकाळी मेंढरांमागं पायी फिरलेला माणूस, आता ऊस आणि स्लॅबचं घर. बिरोबाच्या फोटोशेजारी वायफायचा डबा लुकलुकत होता.

"आबा, पासवर्ड काय?"

"मला काय म्हाईत बाय. त्यो दिवा लुकलुकतोय तवर चालू म्हणायचं."

आबांनी रांजणगावच्या कंपनीत असलेल्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "लिहा सिस्टर, पोरीचं नाव. पहिलं अक्षर मोठं. आन् फुडं तिचं जन्मसाल, ते हाय..."

"जन्मसाल तू मला सांगतोस व्हय रं?" सिस्टर फोनवर ओरडल्या. "नाळ कुणी कापली तिची?"

त्या घरापासून मग हे लक्षात आलं. गावातल्या निम्म्या घरांचे पासवर्ड पोरांच्या नावाचे होते आणि त्यातली निम्मी पोरं सिस्टरांच्या हातची होती. घरमालकानं नाव सांगायला तोंड उघडलं की त्या उरलेलं स्वतःच लिहायच्या. पण त्यातही त्यांना राग यायला जागा सापडली. "दादा, अकरा घरं झाली," एकदा मला म्हणाल्या. "पोरीच्या नावाचा पासवर्ड एका आबांच्याच घरात. बाकी सगळीकडं पोरगं. तिघी बहिणींच्या पाठीवर आला, लगेच पासवर्ड झाला! त्या तिघींनी काय पाप केलतं?"

एवढे सगळे पासवर्ड त्यांनी कधी लिहून ठेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "लोकांच्या घराची किल्ली हाय ती. लिहित्यात व्हय?"

चार-पाच महिने असे गेले. त्यांच्या नोंदी सगळ्या केंद्रात पहिल्या असायच्या. आणि मग एक पत्र आलं. शासकीय माहिती खाजगी नेटवर्कवरून भरणे हा सुरक्षेचा भंग आहे, मोबाईलचे नेटही चालणार नाही, नोंदी केवळ कार्यालयाच्या सुरक्षित नेटवर्कवरूनच कराव्यात, अन्यथा कारवाई. खाली डॉक्टरांची सही, मजकूर भाऊसाहेबांचा. पाठोपाठ सिस्टरांचा लॅपटॉप तपासणीसाठी जमा करून घेतला. आठ दिवसांनी परत दिला तेव्हा बाकीची नेटवर्कं त्यात बंद करून टाकलेली, यादीत एकच नाव दिसत होतं, आमच्या केंद्राचं. शेजारी कुलूप.

समजतंय का? गावाचं नेट वापरायचं नाही, कारण ते सुरक्षित नाही. ऑफिसचं सुरक्षित आहे, ते वापरायचं, पण किल्ली देणार नाही. आणि नोंदी का झाल्या नाहीत, याचा खुलासा दर महिन्याला तुम्हीच करायचा. मी हे सगळं माझ्या काउंटरमागून बघत होतो. मला सगळं दिसत होतं, हेच तर मला सांगायचंय.

त्याच सुमारास गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर उत्तरेकडून कामाला आलेलं एक जोडपं होतं. नवरा कढईवर, बायको चिपाडं वाळत घालायची. तिचं नाव रेखा. बावीस-तेवीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा महिना. सिस्टर तिला दर आठवड्याला बघायला जायच्या. ती त्यांना दीदी म्हणायची. एका सोमवारी सकाळी सिस्टरांनी तिचं बीपी घेतलं आणि तशाच स्कूटीवर बसून आमच्याकडं आल्या.

मी दार उघडून बसलो होतो. दहा वाजले होते. भाऊसाहेब मीटिंगला जातो म्हणून नुकतेच गेले होते.

मंगळवारी तालुक्याला जोखमीच्या बायांची तपासणी असायची. मोठ्या डॉक्टरीणबाई यायच्या. गाडी गावोगाव फिरून बायांना घेऊन जायची. पण कुणाला घ्यायचं ती यादी सोमवारी पाच वाजता पोर्टलवरून आपोआप निघायची. पोर्टलवर नोंद नसेल तर नाव नाही. आमचे डॉक्टर ट्रेनिंगला गेले होते. सिस्टरांनी त्यांना माझ्यासमोर फोन लावला. पाय सुजलेत, डोकं दुखतंय, बीपी एवढं आहे, सगळं सांगितलं. पलीकडून आलेलं उत्तर मला ऐकू आलं. "यादी माझ्या हातात नाही सिस्टर. आज एंट्री करून टाका, उद्या गाडी येईलच."

त्यांनी भाऊसाहेबांना फोन लावला. बंद. त्या बाकड्यावर बसल्या, लॅपटॉप उघडला. एकच नाव, शेजारी कुलूप. जुना पासवर्ड घालून बघितला. मग अंदाजानं दुसरे घातले. केंद्राचं नाव, गावाचं नाव, डॉक्टरांचं आडनाव. मोबाईलवर पोर्टल उघडून बघितलं, पण पत्रात लिहिलेलं असो वा नसो, त्या एवढ्याशा पडद्यावर निम्मं पान यायचं आणि नोंद जतन करायचं बटण कुठं सापडायचंच नाही. तासभर त्या बोटानं पान सरकवत होत्या.

मग उठून माझ्या काउंटरपाशी आल्या.

"दादा, तुमच्या मशीनला जोडलंय ना?"

"हो."

"पासवर्ड सांगा."

माझी वही माझ्या हाताखाली होती. शेवटचं पान.

"मला माहीत नाही सिस्टर," मी म्हणालो. "भाऊसाहेबांनीच जोडून दिलंय."

"मग तुमच्या मशीनवर बसते. दहा मिनिटं."

"साठ्याची नोंद चालू आहे. मध्येच बंद केली तर सगळं परत करावं लागेल."

साठ्याची नोंद चालू नव्हती. मी वाट बघत होतो की त्या आता चष्मा काढतील, मला वाटेल ते बोलतील, हात धरून बाजूला करतील, आणि मग मला म्हणता येईल की मी काय करणार, सिस्टर ऐकायलाच तयार नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला नाही. त्या परत बाकड्यावर जाऊन बसल्या. पाच वाजेपर्यंत बसल्या. मधल्या वेळात मी अठ्ठावीस पेशंटांना औषधं दिली. प्रत्येकाला सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर असं नीट समजावून सांगितलं.

पाच वाजता त्यांनी लॅपटॉप मिटला. "उद्या गावात लशीचा दिवस हाय," त्या म्हणाल्या, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच. "बारा वाजेपर्यंत उरकते आन् मीच घेऊन जाते तिला."

मंगळवारी सकाळी नऊ वाजता गाडी आली. गुऱ्हाळासमोरच्याच रस्त्यानं गेली. रेखा चिपाडं पसरत होती, तिनं गाडी बघितली असेल. गाडी थांबली नाही. यादीत नाव नव्हतं.

अकराच्या सुमाराला तिला झटके आले.

सिस्टर लशी तशाच टाकून धावल्या. झटक्याचं इंजेक्शन दिलं, श्वास अडकू नये म्हणून तिला कुशीवर धरून बसल्या, अॅम्ब्युलन्स आली तिच्यातून सोबत गेल्या. रेखा वाचली. बाळ गेलं. मुलगी होती.

यात कुणाचा दोष, हे शोधायला तालुक्यावरून एक अधिकारी आले. दोष शोधायला फार वेळ लागला नाही. जोखमीच्या मातेची नोंद पोर्टलवर वेळेत केली नाही, नोंद करणं हे सिस्टरांचं काम. सिस्टर म्हणाल्या, "पासवर्ड दिला न्हाई." भाऊसाहेब म्हणाले, "मागितलाच नाही हो साहेब, मागितला असता तर दिला नसता का?" अर्ज पुन्हा सापडत नव्हता. बाकीच्या नर्सनी माना खाली घातल्या.

मग माझा जबाब झाला. मी माझ्या हातानं लिहिला, अजून आठवतो. "त्या दिवशी नेटवर्क सुरू होते. पासवर्डबाबत मला माहिती नाही." दुसरं वाक्य खोटं होतं. पण पहिलं खरं होतं आणि त्यानंच त्यांचा गळा कापला. नेटवर्क सुरू होतं, मग नोंद का केली नाही?

निवृत्तीला तीन वर्षं राहिलेल्या बाईची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगरात झाली. माझी शिरूरकडं झाली. दोन्ही आदेश एकाच आठवड्यात आले.

उपकेंद्राचा चार्ज द्यायच्या दिवशी भाऊसाहेब यादी घेऊन गेले होते, औषधं मोजायला मी. सिस्टर एकेक वस्तू दाखवत होत्या, भाऊसाहेब लिहीत होते. वजनकाटा एक. बीपीचं मशीन एक. लशीचा फ्रीज एक, चालू.

"लॅपटॉप एक," सिस्टर म्हणाल्या, "बंद पाडलेला."

"नादुरुस्त लिहितो," भाऊसाहेब म्हणाले.

"नादुरुस्त न्हाई झाला. चांगला चालत होता, तुम्ही बंद पाडला. तसंच लिहा."

"असं लिहायची पद्धत नसते हो सिस्टर."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग मी सही करत न्हाई. चार्ज देत न्हाई. बसा हितंच."

बाहेर बाया जमल्या होत्या. आबा आले होते. कुणी जागचं हलत नव्हतं. भाऊसाहेबांनी रुमालानं मान पुसली. दहा मिनिटं गेली असतील. मग त्यांनी त्यांच्या त्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: लॅपटॉप, एक नग, बंद पाडलेला.

सिस्टरांनी वाचलं, सही केली. "आता बायांनो, ऐका," असं म्हणून व्हरांड्यात आल्या. मला वाटलं भाषण करतील. त्यांनी कुणाच्या गोळ्या संपत आल्यात, कुणाला पुढच्या महिन्यात कुठं जायचंय, कुणाच्या सुनेला जड काम सांगायचं नाही, हे एकेकीचं नाव घेऊन सांगितलं. वही न बघता. सगळ्या पोर्टलपेक्षा जास्त त्या डोक्यात होतं. मग स्कूटी चालू केली आणि गेल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

मी शिरूरला आलो. घर जवळ, मुलीची शाळा जवळ, सगळं मनासारखं. चार वर्षं गेली. माणसाला वाटतं की असल्या गोष्टी रात्री झोपू देत नाहीत. तसं काही नसतं. मला चांगली झोप लागायची. पण दिवसा कुठं हॉटेलात, बँकेत, पाहुण्यांकडं वायफायला फोन जोडायला गेलो आणि ते कुलूप दिसलं, की मी फोन तसाच परत खिशात टाकायचो.

सिस्टर निवृत्त होऊन घोडनदीच्या बाजूला राहायला आल्याचं कळलं. एका रविवारी सकाळी गेलो. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. 'या' म्हणाल्या नाहीत. बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्याउभ्याच सांगितलं. वही, शेवटचं पान, साठ्याच्या नोंदीची थाप, जबाब, सगळं.

त्यांनी मेथीची एक काडी खुडली. "मला म्हाईत होतं."

"कसं?"

"त्या दिवशी तुम्ही माझ्याकडं बघितलं न्हाई. आदल्या आठवड्यापर्यंत बघत होता."

"सिस्टर, मला माफ करा."

आता मात्र त्यांनी चष्मा काढला. "मी कोण माफ करणारी? माझं काय गेलं? बदली झाली. डोंगरात हवा चांगली होती, गुडघे सुधारले माझे. जिचं गेलं तिला फोन करा. नंबर देते. मी तिला माझं सांगून बसलेय."

"तुमची काय चूक होती?"

"लॅपटॉप जमा करा म्हणले, मी केला. पत्र आलं, मी गप बसले. तीस वर्षं बायांना सांगत आले, नवरा न्हाई म्हणला तरी दवाखान्यात या, सासू न्हाई म्हणली तरी या. आन् मी एका कागदाला भ्याले. यादीची वाट न बघता सोमवारीच तिला स्कूटीवर घालून न्यायला पायजे हुती मी. नियमात बसवायला गेले." त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली. "ते माझं झालं. तुमचं मी कशाला सांगू? ते तुम्ही सांगायचं."

त्यांनी आत जाऊन फोन आणला आणि एकेक आकडा सांगितला. मी लिहून घेतला.

"आन् परत हिकडं येऊ नका," त्या म्हणाल्या. "केलात का न्हाई, ते मला तिच्याकडनं कळंल."

मी नदीच्या पुलापाशी आलो. सकाळची वेळ, भाजीच्या गाड्या बाजाराकडं चाललेल्या. फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला. मागं लहान पोराचा आवाज येत होता. मी सांगितलं, त्या गावच्या दवाखान्यातला औषधवाला बोलतोय. तिला आठवलं.

"दीदी ठीक हैं ना?" तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

"ठीक हैं."

"दीदी हर बार बोलती हैं उनकी गलती थी," ती म्हणाली. "उनकी क्या गलती, भैया? उन्होंने तो मुझे बचाया. मेरा नसीब था."

"नसीब नहीं था," मी म्हणालो. "दीदी की गलती भी नहीं थी."

"तो फिर?"

मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगायला लागलो. सोमवार, सकाळचे दहा, ते कुलूप, दीदी समोर उभ्या, हाताखाली वही. गाडी गुऱ्हाळासमोर का थांबली नाही ते. तिनं मध्ये एकदाही टोकलं नाही. मला वाटलं फोन कटला. मग मागचं ते पोर हसलं आणि मला कळलं की ती ऐकतेय.

सगळं सांगून संपलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. रडण्याची वाट बघत होतो.

"कितना बड़ा था?" तिनं विचारलं.

"क्या?"

"वो पासवर्ड."

मी डोळे मिटले. सुवाच्य अक्षर, वहीचं शेवटचं पान.

"आठ अक्षर," मी म्हणालो.